ऐनवेळच्या विषयाची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर लागलेली ग्रामसभेची नोटीस पाहिली, तर तिचा आरंभ बहुधा मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याने होतो आणि शेवट अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करण्याने होतो. या दोन ओळींच्या मध्ये घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामे, पाणीपट्टीची थकबाकी असे विषय क्रमवार मांडलेले असतात आणि त्या क्रमवार यादीला विषयपत्रिका म्हणतात. शेवटची ओळ वरवर पाहता उरल्यासुरल्याची सोय वाटते. परंतु माणसे एकत्र जमून बोलू लागली की बोलण्याला फाटे फुटतात, या फार जुन्या अडचणीवर निघालेल्या अनेक उपायांपैकी तोच बहुधा सर्वांत टिकाऊ ठरला आहे.

सर्वांत जुना उपाय दंडाचा होता. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत वादामध्ये पराभव ठरवणारी बावीस निग्रहस्थाने, म्हणजे जेथे पोहोचताच वादी हरला असे समजावे अशी स्थाने, सांगितली आहेत आणि त्यांपैकी एकाचे नाव अर्थांतर आहे. चालू विषयाशी संबंध नसलेले बोलणे हे त्याचे लक्षण होय. भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उदाहरण मार्मिक आहे: शब्द नित्य असल्याचे सिद्ध करायला निघालेला वादी त्यासाठी हेतू देतो आणि मग ‘हेतू’ हा शब्द कोणत्या धातूला कोणता प्रत्यय लागून झाला याचे व्याकरण सांगत बसतो. त्याने सांगितलेले व्याकरण चुकीचे नसते. तरीही तो हरतो. विषयांतर खोटे असावे लागत नाही, ते पुष्कळदा खरे आणि विद्वत्तापूर्णच असते, ही गोष्ट नैयायिकांनी अचूक हेरली होती. मात्र त्यांचा नियम जयपराजयाच्या वादासाठी होता, आणि गावच्या सभेत कोणाला हरवून उपयोग नसतो, कारण हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर भेटायचा असतो.

दुसरा उपाय वऱ्हाडाच्या मातीतला आहे आणि तो वेगळ्या दिशेने जातो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा संचार ज्या गावांतून झाला त्यांत आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार यांचा उल्लेख लीळाचरित्रात येतो. स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने भक्तांकडून आठवणी मिळवून लीळाचरित्र सिद्ध केले आणि पुढे केसोबासाने त्यातील वचने वेगळी काढून सूत्रपाठाची रचना केली. वचने अशी सुटी झाल्यावर मूळ बोलणे कशावरून निघाले होते हे हरवण्याचा धोका उभा राहिला, तेव्हा कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाशी बोलताना आले हे नोंदवणारे ‘प्रकरणवश’ नावाचे वाङ्मय महानुभावांनी निर्माण केले. येथे भरकटणाऱ्याला शिक्षा नाही. प्रत्येक बोलण्याच्या गळ्यात त्याच्या विषयाची चिठ्ठी बांधण्याची व्यवस्था आहे. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात ठरावाच्या आधी विषय क्रमांक लिहिण्याची जी सक्ती असते तिचा या परंपरेशी ऐतिहासिक संबंध जोडता येणार नाही, तरी गरज तीच आहे.

आजच्या विषयपत्रिकेचे प्रत्यक्ष कूळ मात्र विलायती आहे. इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाने 1604 मध्ये असे ठरवले की, सदस्य चालू प्रश्न सोडून बोलू लागल्यास अध्यक्षाने त्याला थांबवावे आणि त्याचे पुढे ऐकायचे की नाही हे सभागृहाला विचारावे. या नियमातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण थांबवण्याचा अधिकार एकाला दिला तरी ऐकण्याचा निर्णय सर्वांचा राहिला. हीच पद्धत पुढे हौशी मंडळे, चर्चासभा आणि वाचनसंस्था यांच्यात झिरपली. हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अभियंत्याने साध्या मंडळांसाठी सभानियमांचे पुस्तक 1876 मध्ये छापले, परंतु मुंबईत त्याच्या आधीच एक बोलका प्रयोग होऊन गेला होता.

एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञानविषयक सभा आणि तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा ही 1848 मधली. निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा करावी, पण धर्म आणि राजकारण यांना हात लावू नये, असा तेथील दंडक होता. तो पाळला गेल्यामुळे चर्चा शांतपणे चालल्या खऱ्या, परंतु ज्यांच्या मनात जातिभेद आणि मूर्तिपूजा हेच प्रश्न घोळत होते त्यांचे समाधान होणे शक्य नव्हते. ज्ञानप्रसारक सभेत अग्रभागी असलेले दादोबा पांडुरंग हेच पुढच्या वर्षी, 1849 मध्ये, गुप्तपणे भरणाऱ्या परमहंस सभेच्या उभारणीत आढळतात. एका सभेने दाराबाहेर ठेवलेला विषय दुसऱ्या सभेने दार लावून आत घेतला, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

वऱ्हाडात ही सभापद्धती स्थानिक स्वराज्याच्या कायद्यांबरोबर आली. लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर 1885 मध्ये वऱ्हाडाच्या ग्रामीण बोर्डांचा आणि 1886 मध्ये नगरपालिकांचा कायदा झाला, त्यामुळे नोटीस, गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, आणि इतिवृत्त या गोष्टी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. खेड्यापर्यंत त्या खऱ्या अर्थाने गेल्या त्या 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही, मात्र मूळ नोटिशीत नसलेला नवा विषय तेथे घेता येत नाही, आणि ही तरतूद फार शहाणपणाची आहे, कारण जे आले नाहीत त्यांना काय ठरणार होते एवढे तरी नोटिशीवरून ठाऊक असते.

प्रत्यक्ष सभेत शेवटच्या ओळीचे काम पाहण्यासारखे असते. संग्रामपूर, जळगाव जामोद किंवा शेगावकडचा पूर्णेच्या खोऱ्यातील भाग खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे तेथील भूजल क्षारयुक्त असून पिण्याला योग्य नसते. अशा गावात सभा घरकुलाच्या यादीवर असताना कोणीतरी उठून नळाला चार दिवस पाणी नाही हे सांगणारच. ‘विषयावर या’ एवढेच म्हटले तर तो माणूस आवाज चढवतो आणि दहा जण त्याला साथ देतात; ‘भाऊ, ऐनवेळच्या विषयात घेऊ, ग्रामसेवक, नाव लिहून घ्या’ असे सरपंचाने म्हटले तर तो बहुधा खाली बसतो, कारण वहीत नाव चढलेले त्याने पाहिलेले असते. ते नाव न लिहिता नुसते आश्वासन दिले तर पुढच्या सभेला हीच युक्ती चालत नाही.

लोकसभेतही अशीच एक जागा आपोआप तयार झाली. प्रश्नोत्तराचा तास संपताच तातडीचे विषय मांडण्याचा जो प्रघात 1960 च्या दशकात रुळला त्याला शून्य प्रहर म्हणतात आणि त्याचा उल्लेख कामकाजाच्या नियमावलीत नाही. नियमांनी जागा ठेवली नाही म्हणून सदस्यांनी ती करून घेतली.

या सोयीचा गैरवापर होतो हेही खरेच. नोटिशीत छापला असता तर लोक जागे झाले असते असा ठेक्याचा किंवा जागेचा विषय मुद्दाम ऐनवेळी आणून, निम्मे लोक उठून गेल्यावर मंजूर करून घेतल्याच्या तक्रारी नगरपालिकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत ऐकू येतात. त्यामुळे जाणते गावकरी शेवटच्या ओळीपर्यंत बसून राहतात, ऐनवेळच्या विषयावर चर्चा होऊ देतात, पण पैशाचा ठराव होऊ लागला की तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या असा आग्रह धरतात आणि तो आग्रह इतिवृत्तात नोंदवला गेला की नाही हे सही करण्यापूर्वी वाचून पाहतात.