केरेन ते मोंतोने : शत्रू बदलला, पलटण तीच

युद्धपटात शत्रू कोण हे आधीच ठरलेलं असतं आणि पडदा पडेपर्यंत ते बदलत नाही. खऱ्या लढाईत तसं नसतं. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचंच उदाहरण घ्या. १९२२ पासून तिचं केंद्र बेळगावात आहे.

मार्च १९४१ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत लढत होती. समोर मुसोलिनीचं इटालियन सैन्य. २७ मार्चला केरेन पडलं. पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्तांशी तह केला आणि ऑक्टोबरात जर्मनीविरुद्धच युद्ध पुकारलं. १९४४ साली हीच पलटण इटलीच्या भूमीवर उतरली होती, पण आता लढाई होती जर्मनांशी.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, वय अवघं २२. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावले. ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केलं. मग स्नायपरच्या गोळ्यांनी तेही पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाची कबर मात्र नाही; कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव कोरलंय.

जुलै २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावात त्यांचं स्मारक उभं राहिलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. त्याच्या ब्रीदवाक्याचा अर्थ असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या देशाच्या सैन्याशी केरेनला ही पलटण लढली, त्याच देशातलं एक गाव आज तिच्या नाईकाची आठवण जपतंय.

शत्रू कोण, हे या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. ते ठरत होतं लंडन, रोम, बर्लिनमध्ये. घाडगेंच्या शौर्याला त्याने उणेपणा येत नाही. पण त्या मशीनगनवरच्या चौघांनाही घरं होतीच, हे विसरायला नको.

आपल्या भागात अजून कित्येक घरांत त्या काळची पत्रं ट्रंकेत पडून असतील. ती टाकू नका. बाहेर काढून वाचा, आणि आजोबांनी समोरच्या माणसाबद्दल काय लिहिलंय तेही जरूर बघा.