अर्ध्या सेकंदाने वाचवलेला रिलीज

आजची गोष्ट फार जुनी नाही, मार्च २०२४ ची आहे.

एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं साधं टूल. लिनक्समध्ये जवळपास सगळीकडे असतं. लासे कोलिन हा माणूस वर्षानुवर्षं ते फावल्या वेळात सांभाळायचा. त्याच्या मदतीला 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी आलं, विश्वास कमावला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत गुपचूप मागचं दार बसवलं. एसएसएचमधून मशीनमध्ये शिरायचं दार!

आता डेबियनची पद्धत बघा. नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं. २ ते १० दिवसांत गंभीर बग निघाला नाही, तर 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. रिलीज जवळ आला की फ्रीझ लागतो, मग परवानगीशिवाय नवं काही आत येत नाही. एक्सझेडला अडवणारा असा गंभीर बग नव्हता, त्यामुळे ते टेस्टिंगपर्यंत आरामात पोचलं.

उबंटू २४.०४ चा फीचर फ्रीझ २९ फेब्रुवारीलाच लागला होता. तरी २८ मार्चला जिया टॅनने स्वतः विनंती टाकली, की ५.६.१ आत घ्या. एलटीएस रिलीज म्हणजे पुढची किमान पाच वर्षं असंख्य सर्व्हरवर तेच!

दुसऱ्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरने सगळं उघड केलं. डेबियन अनस्टेबलवर चाचण्या घेताना त्याला एसएसएच लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेताना दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही, मुळापर्यंत गेला.

मग धावपळ. उबंटूने २६ फेब्रुवारीनंतर बिल्ड झालेली पॅकेजं पुन्हा बिल्ड करायला घेतली, बीटा आठवडाभर पुढे ढकलला. अंतिम रिलीज मात्र २५ एप्रिललाच आला. डेबियन १२ स्टेबलमध्ये जुनं ५.४.१ होतं, तिथे धक्काही लागला नाही.

रिलीजच्या आठवड्यात 'एवढं एक अपडेट घेऊन टाकू' हे वाक्य मी कामावर नेहमी ऐकतो. मला वाटतं, फ्रीझने हे दार शोधलं नाही, त्याने फक्त वेळ मिळवून दिला. त्या वेळेत कुणीतरी नीट बघत होतं, म्हणून वाचलो. नुसतं दहा दिवस थांबून काही होत नाही, मंडळी.

भेटू पुढच्या भागात!