चक्कर येते, पण बिघाड नेमका कुठे? कानामागच्या विजेची चाचणी समजून घ्या

पाचगणी म्हटलं की टेबल लँड आणि स्ट्रॉबेरी आठवते. पण एकेकाळी इथे क्षयाचे रुग्ण हवापालटासाठी येत. १९१२ मध्ये सुरू झालेलं बेल-एअर हे अशाच रुग्णांसाठीचं सॅनिटोरियम. तेव्हा क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं; स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवरच भिस्त होती.

१९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि चित्र पालटलं. मात्र या इंजेक्शनमुळे काही रुग्णांचा तोल जायला लागला.

तोल का जातो?

दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन-दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं हललं की त्यांतल्या केसपेशी ती हालचाल टिपतात आणि नस ती मेंदूला कळवते. स्ट्रेप्टोमायसिन या केसपेशी नष्ट करू शकतं. मग अंधारात पाऊल अडखळतं, चालताना समोरच्या पाट्या हलताना दिसतात.

चाचणी कशी करतात?

दोन्ही कानांमागच्या हाडांवर इलेक्ट्रोड चिकटवून साधारण १ मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह सोडतात. ऋण टोकाकडची नस जास्त संदेश पाठवते, धन टोकाकडची कमी. तुम्ही स्थिर उभे असता, पण मेंदूला वाटतं की आपण ऋण बाजूला कलतोय. तो सावरायला जातो आणि शरीर धन बाजूला झुकतं. हा झोका, डोळ्यांची हालचाल किंवा मानेच्या स्नायूंचा प्रतिसाद यंत्रावर नोंदवतात. या पद्धतीला 'गॅल्व्हनिक व्हेस्टिब्युलर स्टिम्युलेशन' म्हणतात.

यातून काय कळतं?

नेहमीच्या चाचण्यांत कानात गार-कोमट पाणी सोडतात किंवा मोठा आवाज ऐकवतात. त्यांना प्रतिसाद मिळायला केसपेशी शाबूत लागतात. वीज मात्र थेट नसेलाही जागं करते. म्हणून आवाजाला प्रतिसाद नाही पण विजेला आहे, तर बिघाड बहुधा कानात. दोन्हींना नाही, तर संशय नसेवर जातो.

अर्थात, एवढ्यावरून निदान पक्कं होत नाही. ही चाचणी अजून मुख्यतः संशोधनात आणि मोजक्या केंद्रांतच वापरली जाते.

लक्षात ठेवा

क्षयाच्या आजच्या नेहमीच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिन सहसा नसतं. तरी कोणतंही इंजेक्शन सुरू असताना तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका.