अडीच किलोची रेघ कुणी मारली?

नवजात बाळांच्या वजनावर काम करायचं ठरवलंत, की तुमच्या एक्सेल शीटमध्ये एक रकाना आपोआप येतो: 'कमी वजन, हो/नाही'. २५०० ग्रॅमच्या खाली असेल तर हो. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. गाईडनी विचारलं, "२५००च का?" मला उत्तर देता आलं नाही.

ही रेघ फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ च्या सुमारास सुचवली. त्यांना अकाली जन्मलेली बाळं ओळखायची होती. गर्भाचे आठवडे नेमके मोजणं अवघड, तराजू मात्र हाताशी असतो. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच व्याख्या स्वीकारली. गडबड इथेच झाली. नऊ महिने पूर्ण भरलेलं, पण पोटात नीट न वाढलेलं बाळसुद्धा 'अकाली' ठरू लागलं. १९६१ मध्ये शब्द बदलून 'कमी जन्मवजन' केला गेला. नाव बदललं, रेघ तिथेच राहिली.

आता १९७१ ची गोष्ट बघा. कॅलिफोर्नियातले संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांना एक विचित्र गोष्ट दिसली. २५०० ग्रॅमखालच्या बाळांमध्ये, धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं कमी दगावत होती! मग सिगारेट बाळाला वाचवते की काय? अजिबात नाही. सिगारेटमुळे वजन घटतं, तसंच ते जन्मजात दोषांमुळे किंवा गंभीर कुपोषणामुळेही घटतं. आई धूम्रपान करत नसूनही बाळ हलकं असेल, तर त्यामागे असं जास्त घातक कारण असण्याची शक्यता वाढते. म्हणजे फक्त हलकी बाळं निवडली की तुलनाच वाकडी होते. कारणांच्या आकृत्या काढून हे नीट मांडलं गेलं ते २००६ मध्ये. तोवर पस्तीस वर्षं गेली होती.

आणि रेघेच्या वर सगळं आलबेल असतं, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ते ३.५ होतं. पण ही बाळं नुसती लहान नव्हती. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. तराजूला हा फरक कळत नाही.

मग तुम्ही काय करायचं? वजन ग्रॅममध्येच नोंदवा, हो/नाही नंतर करता येतं. गर्भाचे आठवडे वेगळ्या रकान्यात घ्या. आणि बाळांचे वजनानुसार गट पाडण्याआधी, कशामुळे काय होतं याचे बाण कागदावर काढून बघा. मी काढले, तेव्हा माझं अर्धं विश्लेषण मला परत करावं लागलं. तुमचं तरी वाचेल.