बडोद्याचे कलाभवन : राज्याच्या पैशाने उभे राहिलेले धंदेशिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतातील महाविद्यालयीन शिक्षण मुख्यतः वकिली आणि सरकारी नोकरी यांच्याकडे नेणारे होते. सुतार, रंगारी व विणकर यांचे ज्ञान मात्र घराण्यातच बापाकडून मुलाकडे जात असे आणि विलायती मालापुढे त्या ज्ञानावर पोट भरणे दिवसेंदिवस कठीण होत चालले होते. या परिस्थितीत बडोदे संस्थानाने १८९० मध्ये स्थापन केलेले कलाभवन हे राज्याने धंदेशिक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घेतल्याचे ठळक उदाहरण होय.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी या संस्थेला आश्रय दिला, तर तिची आखणी त्रिभुवनदास गज्जर यांनी केली. सुरतेच्या सुतार समाजातील गज्जर मुंबईत रसायनशास्त्र शिकून बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले होते. आरेखन, सुतारकाम, यंत्रशास्त्र, विणकाम आणि रंगाई-छपाई हे विषय येथे शास्त्राच्या आधारे शिकवले जात. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या मुलालाही ते समजावेत म्हणून गज्जरांनी गुजराती माध्यमाचा आग्रह धरला आणि त्यासाठी लागणाऱ्या शास्त्रीय ग्रंथांच्या निर्मितीस संस्थानाने द्रव्यसाहाय्य केले.

अशा शिक्षणाची निकड रंगाईच्या धंद्यात विशेष स्पष्ट दिसते. मंजिष्ठेचा तांबडा रंग सुतावर नुसता टिकत नाही. त्याला तुरटीसारख्या रंगबंधकाची, म्हणजे रंग धाग्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या क्षाराची, जोड लागते. हे रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु जर्मनीत १८६८ नंतर हाच रंग डांबरापासून कृत्रिम रीतीने तयार होऊ लागला आणि पाठोपाठ असंख्य नवे रंग बाजारात आले, तेव्हा प्रत्येकाचे प्रमाण, तापमान आणि बंधक ठरवण्यास हातचा अनुभव अपुरा पडू लागला. तो अनुभव आणि रसायनशास्त्र यांची सांगड कलाभवनाने घातली.

गज्जर १८९६ मध्ये बडोदे सोडून मुंबईस गेले, तरी संस्था चालू राहिली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके येथेच शिकले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या अलेंबिक या रसायन-औषध उद्योगाच्या उभारणीत गज्जरांबरोबर त्यांचे शिष्यही होते. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा कलाभवनाच्याच पायावर उभी राहिली.

ज्यांच्या घरी भांडवल नाही आणि इंग्रजीचा वारसाही नाही, त्यांच्यासाठी विद्येचे दार राज्यानेच उघडावे लागते, हा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. सरकारी तंत्रशिक्षणावरील खर्चाला ओझे समजणाऱ्यांनी कलाभवनाचा हा हिशेब आधी तपासून पाहावा.