वऱ्हाडातील तारवाहिनी आणि दोषशोधनाच्या पद्धतीचा उगम

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता सुमारे ३२ किलोमीटरवर पातूर येथे बालाघाटच्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन पोहोचतो. पातूरचे नाव अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील लेण्यांमुळे आणि शेख बाबूच्या दर्ग्यामुळे. प्रस्तुत विवेचनात मात्र हा रस्ता एका निराळ्या प्रश्नाच्या उलगड्यासाठी घेतला आहे. अनेक ठाणी एकाच तारेवर जोडलेली असता संदेश खंडित झाला, तर दोष यंत्रात आहे की तारेत, आणि तारेत असल्यास नेमका कोठे, हे जागेवरून न उठता कसे ठरवावयाचे, हाच तो प्रश्न होय. आजच्या बहुघटकी उष्णता-पंपाची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञही हेच विचारतो. त्याची पद्धती इलेक्ट्रॉनिक युगात जन्मली, हा समज मात्र इतिहासास धरून नाही.

इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि त्याच वर्षी कलकत्ता-आग्रा तारवाहिनीच्या उभारणीस प्रारंभ झाला. १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्यांस खुली झाली. तिचा प्रवर्तक विल्यम ओशॉनेसी हा मूळचा वैद्य आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचा अध्यापक होता. त्याने आरंभी जाड लोखंडी तार वापरली. माकडे आणि मोठे पक्षी यांचा भार तिने सोसावा आणि प्रवाहास फारसा विरोध होऊ नये, असा त्याचा दुहेरी हिशेब होता. विसंवाहकांकडे मात्र त्याने कमी लक्ष दिले. पुढे वाहिन्या लांबल्या, ठाणी वाढली आणि पावसाळ्यातील गळती हा नित्याचा उपद्रव झाला. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला आणि त्याबरोबर तार हे वऱ्हाडातील दैनंदिन व्यवहाराचे, विशेषतः कापसाच्या बाजाराचे, साधन बनले. बाजारभाव वेळेवर न कळणे म्हणजे काय, हे अकोला-खामगावच्या व्यापाऱ्यास सांगावे लागत नसे.

आरंभीची दोषशोधनाची रीत एकच होती: माणसाने तारेखालून चालत जावे. ही रीत बदलण्याचे श्रेय बव्हंशी लुई श्वेंडलर या जर्मन विद्युत्शास्त्रज्ञाकडे जाते. भारतीय तारखात्यात त्याने नियमित मापनाची शिस्त घातली. तारवाहिन्यांच्या परीक्षणासंबंधीचा त्याचा ग्रंथ १८७८ व १८८० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. (कलकत्त्याच्या अलीपूर येथील प्राणिसंग्रहालयाच्या स्थापनेतही याच गृहस्थाचा मोठा वाटा होता, हे सहसा कोणी लक्षात ठेवीत नाही.)

पद्धतीचे पहिले पाऊल दिसावयास अगदी साधे आहे; तथापि सर्वांत अधिक चुका तेथेच होतात. तारमास्तराने प्रथम वाहिनी सोडवून आपल्याच कार्यालयात मंडल पूर्ण करावे. यंत्र चालले तर घटमाला व यंत्र निर्दोष, न चालले तर बाहेर शोधणे व्यर्थ. यानंतर सर्वांत जवळच्या ठाण्याने तार भूमीस जोडावी, मग त्यापुढच्याने, आणि ज्या ठाण्यापाशी परिणाम बदलेल त्याच्या अलीकडच्या टप्प्यात दोष समजावा. लक्षणांवरूनही तर्क करता येई. तार तुटली असता पाठविणाऱ्याच्या गॅल्व्हॅनोमीटरची सुई हलतच नाही. तार भूमीस टेकली असता ती नेहमीपेक्षा अधिक वळते आणि पलीकडे मात्र संदेश क्षीण पोहोचतो. दोन तारा एकमेकींस लागल्या असता एकीचा संदेश दुसरीवर उमटतो. येथे वऱ्हाडच्या भूमीचाही विचार करावयास हवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी पडते; पुरलेल्या भूपट्टिकेचा विद्युद्रोध वाढतो, आणि कार्यालयाच्या अंगणातील दोष दूरच्या तारेचा भासतो.

स्थान निश्चित करण्यासाठी वलय-परीक्षा वापरीत. अकोला आणि तेव्हाचे बाशीम ही दोन्ही जिल्ह्याची ठिकाणे (बाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडला, वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये). उदाहरणादाखल या रस्त्याने ८० किलोमीटरची दुहेरी, एकाच जाडीची तार कल्पावी. एक तार भूमीस टेकली आहे, दुसरी चांगली आहे. बाशीमला दोन्ही टोके जोडली की १६० किलोमीटरचे वलय तयार होते. व्हीटस्टनच्या सेतूने समतोल साधला आणि भुजांचे प्रमाण १ : ४ आले, तर सदोष तारेवरून मोजता दोष वलयाच्या पाचव्या भागावर, म्हणजे ३२ किलोमीटरवर, पातूरपाशी ठरतो. दुरुस्तीस निघणाऱ्यास अकोल्यातच सांगता येते की, पातूरच्या खांबांपासून आरंभ कर. श्वेंडलरचे नाव ग्रंथावर राहिले. प्रत्यक्ष खांबावर चढणाऱ्यांची नावे ग्रंथात नाहीत, आणि या इतिहासाचे लेखन त्यामुळे एकांगी राहिले आहे.

आता उष्णता-पंपाकडे वळू. त्याचे तत्त्व विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्ये मांडले. एका बाह्य घटकास अनेक अंतर्घटक जोडणारी प्रणाली डायकिन या जपानी कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणली. तीत शीतकाच्या नळ्यांबरोबर एक संदेशवाहिनी असते, आणि प्रत्येक अंतर्घटकास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. सर्व घटक एकाच वेळी संपर्कदोष दाखवीत असतील, तर संशय मुख्य वाहिनीवर अथवा बाह्य नियंत्रकावर येतो. एकच दाखवीत असेल तर त्याच्या शाखेवर अथवा त्याच्या पटलावर. दोन घटकांस एकच क्रमांक पडला, तर मात्र तार धडधाकट असूनही गोंधळ होतो. या दोषास तारखात्यात प्रतिरूप नाही. बाकी क्रम ओळखीचाच आहे. वीज बंद करून वाहिनी सोडवावी, रोध मोजावा, अर्धे घटक वगळून पाहावे, राहिलेल्याचे पुन्हा अर्धे करावे. वीजतारेशेजारून संदेशतार नेली असता तीत उपटसुंभ प्रवाह शिरतात. संदेशतारेचे धातूचे आवरण दोन्ही टोकांस भूमीस जोडल्यास त्यातूनही तसेच प्रवाह वाहू लागतात. नियंत्रकाचे पटल बदलणे ही सर्वांत महाग आणि पुष्कळदा निरर्थक कृती ठरते, कारण बदललेले पटलही त्याच सदोष तारेस जोडले जाते.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. वलय-परीक्षा मात्र भूमिगत वीजतारांतील दोष शोधण्यासाठी अद्याप शिकविली जाते.