कॅसल फोर्ब्सचे सहा कैदी

मुंबईला कधी गेलात, तर फोर्टमधल्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढून जरूर आत जा. तिथे जुन्या इंग्रज साहेबांचे पांढरे पुतळे आहेत. त्यातला एक चार्ल्स फोर्ब्स यांचा. मुंबईतल्या फोर्ब्स कंपनीचे ते प्रमुख होते, पुढे विलायतेत संसदेचे सदस्य झाले. त्यांचं नाव ऑस्ट्रेलियातल्या एका शेतीवाडीलाही दिलं होतं, ‘कॅसल फोर्ब्स’. आज त्या वाडीवर राबलेल्या माणसांची गोष्ट सांगायची आहे.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. पण त्याच्या सत्तर वर्षं आधी, 1788 साली, इंग्रजांनी आपल्याच देशातल्या कैद्यांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सला पाठवायला सुरुवात केली. कुणी कापड चोरलेलं, कुणी मेंढी पळवलेली, कुणी दंग्यात सापडलेलं. शिक्षा सात वर्षं, चौदा वर्षं, नाहीतर जन्मभर. पुढच्या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख साठ हजार कैदी ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांत सुमारे पंचवीस हजार बायका होत्या.

एवढ्या लोकांना पोसायचं कुणी? सरकारने तोड काढली. ज्याला जमीन दिली, त्यालाच कैदी नेमून द्यायचे. मालकाने खायला, कपडा आणि आसरा द्यायचा. कैद्याने शिक्षा संपेपर्यंत राबायचं. सालगडी निदान साल संपल्यावर मालक बदलू शकतो, या कैद्याला ते नव्हतं. नीट वागलं तर काही वर्षांनी स्वतःसाठी काम करण्याचा परवाना मिळे. बायकांना घरकामाला नेमत. मालकाशी पटलं नाही किंवा दिवस गेले, तर त्यांना पॅरामट्टाच्या ‘फिमेल फॅक्टरी’त परत पाठवत. ती फॅक्टरी अर्धी गिरणी आणि अर्धा तुरुंग होती.

आता आपला जमीनदार. त्याचं नाव जेम्स मुडी. मूळचा स्कॉटलंडचा, आरमारी पलटणीत लेफ्टनंट होता, तिथून त्याला काढून टाकलं. मग त्याने इंग्रजांच्या युद्धविजयांची पदकं काढून विकायचा धंदा केला, तो बुडाला. तेव्हा फोर्ब्स साहेबांच्या मदतीने तो 1822 साली मुलींना घेऊन सिडनीला आला. हंटर नदीच्या खोऱ्यात त्याला दोन हजार एकरांहून जास्त जमीन मिळाली. उपकाराची आठवण म्हणून त्याने वाडीला कॅसल फोर्ब्स नाव दिलं. ही जमीन वोनारुआ नावाच्या मूळ लोकांची होती, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

विलायतेत दिवाळं निघालेला हा माणूस इथे बडा असामी झाला. गहू, मेंढ्या, लोकर आणि राबायला कैदी. शिवाय तो दंडाधिकारीही झाला. कैद्याने मालकाची आज्ञा मोडली, आळस केला, उलट उत्तर दिलं, तर मालक त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभा करी आणि फटक्यांची शिक्षा होई. स्वतःच्या कैद्याचा निवाडा स्वतः करायचा नाही असा नियम होता खरा. पण शेजारचा दंडाधिकारीही जमीनदारच. आज तू माझ्या गड्याला शिक्षा दे, उद्या मी तुझ्या. मग कैद्याने तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

1832 साली गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी कायदा करून एकट्या दंडाधिकाऱ्याला पन्नासच्या वर फटके देण्याची बंदी केली. पन्नास फटकेही पाठ सोलून काढत. तरी हंटर खोऱ्यातले जमीनदार चिडले. गव्हर्नर कैद्यांना डोक्यावर बसवतोय, अशी ओरड त्यांनी केली. त्यांत मुडी पुढे होता.

5 नोव्हेंबर 1833 ला स्फोट झाला. अँथनी हिचकॉक या कैद्याला शिक्षेसाठी बेड्यांच्या टोळीकडे नेत होते. वाटेत त्याच्या सोबत्यांनी त्याला सोडवलं. मग सगळे वाडीवर आले. मुडी तेव्हा तिथे नव्हता. कारभार त्याचा जावई जॉन लार्नाक बघत होता आणि तो नदीवर मेंढ्या धुवून घेत होता. कैद्यांनी घरातल्या बंदुका, खाण्याचं सामान घेतलं आणि नदीवर जाऊन लार्नाकवर गोळ्या झाडल्या. नदी पार करून तो निसटला. कुणाचाही जीव गेला नाही. थोड्याच दिवसांत घोडेस्वार पोलीस आणि जमीनदारांनी मिळून त्यांना पकडलं.

डिसेंबरमध्ये सिडनीत खटला चालला. वकील रॉजर थेरी यांनी कैद्यांची बाजू मांडली. त्यांचं मानधन कुणीतरी नाव न सांगता दिलं होतं. कैद्यांनी गुन्हा फारसा नाकारला नाही. त्यांनी सांगितलं ते वेगळंच: पीठ खराब मिळायचं, बारीकसारीक कारणावरून फटके बसायचे, दाद कुठेच लागायची नाही, आमचं जे व्हायचं ते होवो, पण मागे राहिलेल्यांसाठी चौकशी करा.

सहापैकी पाच जणांना फाशी झाली. तिघांना सिडनीत. हिचकॉक आणि जॉन पूल या दोघांना कॅसल फोर्ब्सलाच नेऊन 21 डिसेंबरला फासावर चढवलं, बाकीच्या कैद्यांनी बघावं म्हणून. सहावा डेव्हिड जोन्स जन्मठेपेवर नॉरफोक बेटावर गेला.

पण मैत्रिणींनो, चौकशी झाली. बर्क यांनी दोन अधिकारी नेमले. सरसकट जुलूम झाला असं त्यांना आढळलं नाही, पण काही बाबतींत त्यांनी मालकांकडे दोष दिला. एवढ्यानेच मुडीचा तिळपापड झाला. 1836 साली त्याचं दंडाधिकारीपद गेलं. त्याने वाडी विकली, विलायत गाठली आणि कैद्यांना व गव्हर्नरला शिव्या देणारं जाडजूड पुस्तक 1837 साली छापलं. कैद्यांच्या अख्ख्या जातीला हिणवायला त्याने ‘फेलनरी’ असा नवा शब्दच घडवला. त्याच सुमारास संसदेची समिती या पद्धतीची चौकशी करत होती. मुडीने तिच्यापुढे साक्ष दिली. समितीने ही पद्धत म्हणजे गुलामगिरीच्या जवळची गोष्ट ठरवली आणि 1840 साली न्यू साउथ वेल्सला कैदी धाडणं बंद झालं.

त्याच वर्षी मुडी सिडनीला परतला. पुस्तकात ज्या न्यायाधीशांची त्याने बदनामी केली होती, त्यांच्या मुलाने त्याला भर रस्त्यात चाबकाने बडवला. मुडीने दावा लावला, पन्नास पौंड भरपाई मिळवली. ते पैसे गावकऱ्यांनी वर्गणी काढून भरले!

हसू येतं खरं. पण विचार करा. मालकाला चाबूक बसला तेव्हा कोर्ट होतं, भरपाई होती. गड्याच्या पाठीला ते नव्हतं. चौकशी व्हावी एवढ्यासाठी त्यांना कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं, आणि ती सुरू होईपर्यंत दोर गळ्याला लागला होता. ज्याच्या घरचं खायचं, त्याच्याच मित्राकडे तक्रार न्यायची असेल, तर तोंड कसं उघडणार? आपल्या आसपास कुणी राबत असेल, तर हा प्रश्न आपणही विचारून बघू.